भट्टीपुढची मराठी

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम कसे करायचे हे बोलण्यातून ठरते. भट्टीत स्क्रॅप कधी टाकायचे, स्लॅग केव्हा काढायचा, वितळलेल्या लोखंडाचा रस किती तापल्यावर लॅडल या भांड्यात घ्यायचा, कोणता मोल्ड आधी भरायचा, हे सुपरवायझर आणि मेल्टर एकमेकांना कोल्हापुरी मराठीत सांगतात. समोर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड किंवा ओडिशातून आलेला कामगार असेल तर मराठी वळणाच्या हिंदीत सांगतात. तेच काम कागदावर उतरवायची वेळ आली की भाषा बदलते. क्वालिटी विभागातला इंजिनिअर संगणकावर इंग्रजीत वर्क इन्स्ट्रक्शन लिहितो. इंग्रजी व्याकरण तपासणारे साधन त्याची वाक्ये गुळगुळीत करून देते. मग तो मजकूर भाषांतराच्या साधनात जातो आणि बाहेर पडलेले मराठी पत्रक लॅमिनेट होऊन खांबावर लागते. मराठीत ठरलेली गोष्ट इंग्रजीला वळसा घालून पुन्हा मराठीत येते आणि या वळशात तिची मोडतोड होते. हा वळसा बंद करायला हवा, असे माझे म्हणणे आहे. कारखान्यातली सूचना आधी मराठीत लिहावी, मराठीत तपासावी आणि मग तिचे इंग्रजी करावे. आज ही साधने ज्या क्रमाने वापरली जातात तो क्रम उलटा केला तर ती खरोखर कामाला येतील. क्रम तोच ठेवला तर साधने कितीही सुधारोत, त्यांच्या चुकांची झळ भट्टीपुढच्या माणसालाच बसेल.

कागद कोणासाठी

कोल्हापूरचा यंत्रउद्योग लिहिण्यातून उभा राहिलेला नाही. वाय. पी. पोवार, म्हादबा मिस्त्री यांच्या पिढीने शिवाजी उद्यमनगरात जे घडवले ते हातातून हातात गेले. ऑइल इंजिन उघडून पाहायचे, सुटा भाग मोजायचा, लाकडाचा पॅटर्न करायचा, वाळूत ठसा घ्यायचा आणि ओतायचे, ही सगळी विद्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून शिकली गेली. शेतीच्या पंपांपासून सुरू झालेले हे ओतकाम पुढे मोटारी, ट्रॅक्टर आणि अर्थमूव्हिंग यंत्रांच्या सुट्या भागांकडे वळले. शहरातली जागा अपुरी पडली तसे कारखाने पंचगंगेपलीकडे, पुणे-बंगळूर महामार्गालगत शिरोलीला आणि दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगावला गेले. गिऱ्हाईक मोठे झाले तशी कागदाची मागणी वाढली. वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या कारखान्याला आयएटीएफ 16949 हे प्रमाणपत्र लागते. ते टिकवायचे तर प्रत्येक कामाची लेखी पद्धत, तपासणीची पत्रके आणि बदलांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून शिकण्याची पद्धत संपलेली नाही, पण तिच्या जोडीला आता फाइल आली आहे.

ही फाइल समजणाऱ्या भाषेत असावी, असे ती मागणारे स्वतःच सांगतात. आयएटीएफच्या 2016 च्या आवृत्तीत कामाच्या सूचनांविषयी स्वतंत्र कलम आहे. सूचना ज्याने पाळायच्या त्याला समजणाऱ्या भाषेत असाव्यात, वाचता येतील अशा असाव्यात, कामाच्या जागी हाताशी असाव्यात आणि त्यांत सुरक्षेचे नियम असावेत, असे ते कलम म्हणते. कायद्याने हे त्याच्याही खूप आधी सांगितले होते. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 108 नुसार कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असायला हव्या होत्या. भोपाळच्या 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये त्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने धोक्याची माहिती कामगारांना दिलीच पाहिजे असे कलम 41-ब आले आणि कामगाराला ती माहिती मागण्याचा हक्क देणारे कलम 111-अ आले. धोकादायक प्रक्रियांच्या पहिल्या अनुसूचीत फौंड्रीचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. कायद्यांची नावे आणि कलमांचे क्रमांक बदलतात, पण भाषेची ही अट का घातली गेली ते कारण बदलत नाही.

ते कारण भट्टीत आहे. ओतकामाचे लोखंड साधारण 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास हाताळले जाते. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे 1,600 ते 1,700 पट वाढते. ओले स्क्रॅप भट्टीत गेले किंवा नीट न तापवलेल्या लॅडलमध्ये रस घेतला, तर अडकलेले पाणी क्षणात वाफ होते आणि वितळलेले लोखंड उडते. कोअर शॉपमध्ये रेझिन आणि त्यांचे वायू असतात. फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंगला सिलिकाची धूळ असते आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. या प्रत्येक ठिकाणी एका वाक्याचा अर्थ नीट पोचला की नाही यावर बरेच काही अवलंबून असते. म्हणून इथल्या मराठीची चर्चा शुद्धलेखनाच्या आवडीपुरती ठेवता येणार नाही.

लाल रेघ काय पाहते

संगणकावर मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली जी लाल रेघ उमटते, तिच्यामागे बरेच कष्ट आहेत. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरतात ते हनस्पेल हे तपासणीयंत्र मुळात हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी तयार केले. हंगेरियनमध्ये एका शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय लागतात, म्हणून हनस्पेलमध्ये शब्दांची एक यादी असते आणि कोणत्या शब्दाला काय जोडता येते याच्या नियमांची दुसरी. मराठीला हीच रचना सोयीची पडली. भट्टी हा शब्द यादीत एकदा टाकला की भट्टीत, भट्टीतून, भट्टीच्या, भट्टीजवळचा, भट्टीवरच्यांना ही सगळी रूपे नियमांनी तयार करता येतात. त्यामागे मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे लेखनविषयक नियम आहेत, ज्यांत 1972 मध्ये भर पडून ते अठरा झाले. अरुण फडके यांच्या 'मराठी लेखन-कोशा'सारखी शब्दन् शब्द तपासून केलेली कामेही आहेत. या परंपरेबद्दल आदर ठेवूनच पुढचे म्हणायचे आहे.

या रेघेला पहिली अडचण येते ती अक्षरांच्या पातळीवर. 'करणाऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. तपासणीच्या यादीत यांपैकी एकच रूप असेल तर दुसऱ्याखाली रेघ येते आणि टाइप करणाऱ्याला आपले काय चुकले ते कळत नाही. दोन-चार वेळा असे झाले की तो तपासणीच बंद करतो. शोधतानाही हाच त्रास होतो. जुन्या पत्रकातले वाक्य शोधून बदलायला जावे तर अर्धी पत्रके सुटून जातात. त्याहून मोठा अडसर युनिकोडपूर्व फॉण्टचा आहे. फ्लेक्स आणि फलक करणाऱ्या छपाईच्या दुकानांत अजूनही अशा फॉण्टवर काम चालते. त्या फाइलीत संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या देवनागरी आकृत्या असतात. असा मजकूर तपासता येत नाही, भाषांतर करता येत नाही, पुढच्या वर्षी दुरुस्तही करता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. कारखान्याने आपला प्रत्येक मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवणे ही पहिली पायरी आहे आणि तिला खर्च येत नाही.

दुसरी अडचण शब्दांची. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने 1960 पासून परिभाषेचे फार मोठे काम केले. शास्त्र आणि अभियांत्रिकीच्या शाखांचे कोश काढले. मराठी विश्वकोशाने ओतकामावर नोंद लिहिली. ओतणे, ओतीव, ओतारी, मूस, साचा, भाता हे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. पण शिरोलीच्या शॉप फ्लोअरवर मोल्ड, कोअर, बॉक्स, रनर, राइझर, पोरिंग, नॉक आउट, फेटलिंग हेच शब्द चालतात आणि ते आता तिथल्या मराठीचेच शब्द आहेत. त्यांना मराठी प्रत्यय लागतात आणि त्यांवरून मराठी क्रियापदे होतात. या शब्दांची यादी मात्र कुठल्याही तपासणीयंत्राला कोणी दिलेली नाही. कोल्हापूरकर 'फौंड्री' लिहितात, इतर अनेक ठिकाणी 'फाउंड्री' लिहितात. रेघ यांपैकी कोणाखाली येईल हे कोश बनवणाऱ्याच्या गावावर ठरते. मोल्डात की मोल्डमध्ये, लॅडल तापले की तापली, याचाही निर्णय कोणी केलेला नाही. एकाच कारखान्याच्या तीन पत्रकांत तीन रूपे आढळली तर आश्चर्य वाटू नये.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. लेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या मराठी सोयी बहुतेक शब्दापाशी थांबतात, वाक्यापर्यंत पोचत नाहीत. एक वाक्य जवळून पाहू: 'वितळलेला धातू टॅप करण्यापूर्वी लॅडल योग्यरीत्या पूर्वतापित केले असल्याची खात्री करण्यात यावी, असे न केल्यास स्फोट होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' ह्रस्व-दीर्घ बिनचूक आहेत, विभक्ती जागच्या जागी आहेत. शाळेच्या निबंधात याला गुण मिळतील. पण लॅडल कोणी तापवायचे ते यात नाही. किती तापवायचे ते 'योग्यरीत्या' या शब्दात गडप झाले आहे. खात्री कोणी करायची ते 'करण्यात यावी'ने लपवले आहे. धोका वाक्याच्या शेवटी आला आहे आणि तोही दुहेरी नकारात गुंडाळून. आता हीच सूचना अशी लिहा: 'ओल्या लॅडलमध्ये रस घेऊ नका. स्फोट होतो. लॅडल बर्नरवर तापवा. किती मिनिटे, ते या फलकावर लिहिले आहे. वेळ भरली की सुपरवायझरला दाखवा. त्यांनी हो म्हटल्यावरच रस घ्या.' इथे लॅडल, बर्नर, सुपरवायझर हे शब्द कोशात नसतील तर प्रत्येकाखाली लाल रेघ येईल. म्हणजे ज्या मजकुराने माणसाचा जीव वाचतो त्याला साधन चूक म्हणेल आणि ज्याने घोळ होतो त्याला पास करील. साधनात बिघाड नाही. त्याला जे पाहायला सांगितले तेच ते पाहते. काय पाहायचे ते आपण सांगितलेले नाही.

भाषांतराचा गुळगुळीतपणा

भाषांतराच्या साधनांची प्रगती खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. गूगलच्या भाषांतरात मराठी 2013 मध्ये आली. 2017 मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांना न्यूरल पद्धत लागू झाली आणि भाषांतराचा दर्जा एकदम वर गेला. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये मराठी घेतली. केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम 2022 मध्ये सुरू झाला. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने 2023 मध्ये सर्व 22 अनुसूचित भाषांत भाषांतर करणारे इंडिकट्रान्स2 खुले केले. अभियांत्रिकीची पुस्तके भारतीय भाषांत आणण्यासाठी आयआयटी मुंबईत 'उडान' प्रकल्प उभा राहिला. त्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे यंत्राच्या जोडीला विषयवार पारिभाषिक कोश असतात आणि यंत्राने केलेला मजकूर माणूस तपासून दुरुस्त करतो.

शिरोलीत नेमकी ही जोड नसते. ओतकामाच्या इंग्रजीत रोजच्या व्यवहारातले शब्द वेगळ्याच अर्थाने येतात. 'चार्ज' म्हणजे भट्टीत टाकायचा माल, शुल्क नव्हे. 'हीट' म्हणजे भट्टीची एक खेप. 'रनर' म्हणजे रस वाहण्याची वाट. 'मोल्ड'चा दुसरा अर्थ बुरशी आहे. 'टॅप' म्हणजे भट्टीतून रस काढणे, पण मोबाइलच्या काळात बोटाने टिचकी मारणे हाच अर्थ आधी मनात येतो. भोवती पुरेसा संदर्भ असला तर चांगले यंत्र बरोबर अर्थ निवडते. पण वर्क इन्स्ट्रक्शन असते चौकटींच्या तक्त्यात, एकेका चौकटीत चार शब्द, क्रियापद बहुधा गायब. संदर्भ सर्वांत कमी जिथे असतो अशाच जागी हे शब्द बसलेले असतात. तरीही ही ढोबळ चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती दिसते. 'रनर'चा धावपटू झालेला पाहून हेल्परसुद्धा हसेल आणि कागद परत जाईल.

न दिसणारी चूक वाक्यरचनेत होते. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, मराठीत तो वाक्याच्या शेवटाला येतो. इंग्रजीत 'करू नका' आधी कळते आणि मग काय करायचे नाही याची यादी येते. त्याच लांबीचे मराठी वाक्य केले की आधी भट्टी चालू असताना, झाकण उघडे असताना, कॉइलचे पाणी बंद असताना अशी रांग लागते आणि 'नये' तिसऱ्या ओळीच्या टोकाला येतो. घाईत अर्धे वाचणाऱ्याला मनाई म्हणजे आज्ञा वाटू शकते. 'अमुक होत नाही तोपर्यंत तमुक करू नये' अशा जोडनकारातही हेच होते, तर 'हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा' हे चार शब्द तेच काम चोख करतात. यंत्र इंग्रजीच्या लांबीला चिकटून राहते, कारण त्याला भाषांतर सांगितलेले असते, सूचना लिहायला कोणी सांगितलेले नसते. आणि बाहेर येणारी मराठी जितकी सफाईदार, तितकी ती तपासावी असे वाटत नाही. 2013 च्या सुमाराची मोडकी भाषांतरे वाचणाऱ्याला सावध करत. आजची सफाईदार वाक्ये सावध करत नाहीत. साधनांच्या सुधारणेमुळे सूचना मराठीत लिहिण्याची गरज कमी झाली असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

जगाने हे आधी कसे सोडवले

हा प्रश्न शिरोलीपुरता नाही आणि त्याची उत्तरे जुनी आहेत. कॅनडात हवामानाचे अंदाज इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करण्यासाठी 1977 पासून मेटेओ ही यंत्रणा वापरात होती. त्या काळचे संगणक आजच्या मोबाइलच्या तुलनेत अगदीच दुबळे होते, तरी मेटेओ वर्षानुवर्षे चालली. कारण तिने जगातले सगळे इंग्रजी भाषांतरित करण्याचा आव आणला नाही. हवामानाच्या अंदाजाचे ठरावीक शब्द आणि ठरावीक वाक्ये एवढेच तिने घेतले. विमान उद्योगाने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. जगभरचे मेकॅनिक इंग्रजी मॅन्युअल वाचतात आणि त्यांतल्या पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसते, हे ओळखून 1980 च्या दशकात युरोपातल्या विमान कंपन्या आणि उत्पादकांनी नियमबद्ध सोपे इंग्रजी तयार केले. सुमारे 900 मान्य शब्द, शिवाय तांत्रिक नावे, एका शब्दाला एकच अर्थ, एका वाक्यात एकच कृती आणि कृतीचे वाक्य वीस शब्दांच्या आत, असे त्याचे नियम आहेत. आज एएसडी-एसटीई 100 या नावाने ते ओळखले जाते.

व्याकरण तपासणाऱ्या साधनांची सुरुवातही अशाच गरजेतून झाली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लोरिंडा चेरी, नीना मॅकडोनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रायटर्स वर्कबेंच' नावाचा संच केला. एका टेलिफोन कंपनीच्या परिवारातली तांत्रिक कागदपत्रे सुधारण्यासाठी तो उपयोगी पडला. वाक्ये किती लांब आहेत, कर्मणी प्रयोग किती आहेत, चावून चोथा झालेले शब्दप्रयोग कुठे आहेत, हे तो मोजून दाखवत असे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, मोजणी होती. शिरोलीला आज हवे असलेले साधन याच घराण्यातले आहे. 'करण्यात यावे', 'खात्री करावी', 'योग्यरीत्या', 'आवश्यकतेनुसार', 'शक्यतो' हे शब्द सूचनेत आले की पिवळे करणे, बारा शब्दांपुढचे वाक्य रंगवणे, एककाशिवाय लिहिलेला आकडा दाखवणे, हे साध्या टेक्स्ट एडिटरमधल्या शोधसूत्रांनी होते. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला ते जमेल. अवघड काम शब्दांची यादी आणि नियम ठरवण्याचे आहे आणि ते दुसरे कोणी येऊन करणार नाही.

कारखान्याने स्वतः मराठीत लिहिण्याचे उदाहरणही याच भूमीत आहे. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून शं. वा. किर्लोस्करांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. नांगर आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याने शेतकऱ्याशी आणि गिऱ्हाइकाशी मराठीत लिहून बोलायचे ठरवले आणि त्यातून पुढे मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. यंत्राबद्दल मराठीत नीट लिहिता येते, हे दक्षिण महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच दाखवले आहे.

दिशा बदलली की काय बदलते

आता मूळ मुद्दा. भाषांतरात चूक होणारच, माणसाने केले तरी आणि यंत्राने केले तरी. प्रश्न एवढाच की ती चूक कोणाच्या पुढ्यात पडावी. मूळ इंग्रजी आणि भाषांतर मराठी असेल तर चूक मराठी प्रतीत येते आणि ती वाचणारा कामगार मूळ प्रत ताडून पाहू शकत नाही. मूळ मराठी आणि भाषांतर इंग्रजी असेल तर चूक इंग्रजी प्रतीत येते. ती वाचणारे म्हणजे इंजिनिअर, ऑडिटर आणि गिऱ्हाइकाचे प्रतिनिधी. यांतल्या इंजिनिअरला दोन्ही भाषा येतात. ऑडिटरला शंका आली तर तो टेबलावर बसून प्रश्न विचारू शकतो. त्याच्यासमोर 1,400 अंशांचा रस नसतो. एकच साधन, तेवढाच खर्च, तेवढ्याच चुका, पण त्या अशा जागी पडतात जिथे त्या पकडल्या जातात आणि जिथे त्यांनी कोणाचा हात भाजत नाही.

दुसरा फायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतो. मराठीत लिहायला बसलेल्या इंजिनिअरला कर्ता शोधावा लागतो. 'तापवा' लिहिताच कोण तापवणार हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी त्याला मेल्टरला विचारावे लागते आणि विचारताच कळते की प्रत्यक्षात काम कागदाहून वेगळ्या पद्धतीने चालते. हा शोध सुरक्षेच्या दृष्टीने पत्रकाइतकाच मोलाचा आहे. इंग्रजीच्या 'एन्शुअर'ने सुरू होणाऱ्या वाक्यांत तो कधीच लागत नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की भट्टीपुढचे निम्मे कामगार हिंदी बोलणारे असताना मराठीचा आग्रह कशाला. आग्रह मराठीच्या प्रतिष्ठेसाठी नाही. ज्या भाषेत कामाचे निर्णय होतात त्या भाषेत मूळ असावे, एवढाच तो आहे. मराठीतून हिंदी करणे इंग्रजीतून हिंदी करण्यापेक्षा सोपे जाते. क्रियापद शेवटी, नकार शेवटाला, शब्दयोगी अव्ययांची जागा तीच, रचना जवळपास समांतर. काही शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसून वेगळे अर्थ देतात, पण त्यांची यादी छोटी असते आणि ती पकडणारी माणसे प्रत्येक पाळीत आहेत. सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या कन्नड भाषिकासाठीही आखूड मराठी मूळच सोयीचे. ज्या विभागात बहुसंख्य कामगार हिंदी भाषिक आहेत तिथे भिंतीवर हिंदी प्रत मोठ्या अक्षरांत लागलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप: भिंतीवरचे वाचतो कोण, कामगार तर पाहून शिकतो. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण पाहून शिकायला शेजारी जुना माणूस लागतो. कंत्राटी कामगार बदलत राहतात, रात्रपाळीला अनुभवी माणसे कमी असतात. शिवाय न वाचण्याचे एक कारण हेही आहे की आजचे पत्रक वाचण्यासारखे नसते. दोन परिच्छेदांचे भाषांतर कोणी वाचत नाही. सहा आखूड वाक्ये वाचली जातात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती पाळीच्या सुरुवातीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवता येतात. भाषांतरित वाक्य मोठ्याने वाचताच अडखळते, मराठीत लिहिलेले अडखळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. रेझिन, कोटिंग, सॉल्व्हंट यांची सुरक्षा माहितीपत्रके पुरवठादाराकडून इंग्रजीतच येतात आणि प्रत्येकात सोळा विभाग असतात. तिथे मूळ मराठी असणे शक्य नाही. मान्य. पण त्या सोळा विभागांचे पानन् पान भाषांतर करून फाइलीत लावणे हाही उपाय नाही. कोअर शॉपमधल्या माणसाला काय घालायचे, काय टाळायचे, डोळ्यात गेले तर काय करायचे, सांडले तर काय करायचे आणि आग लागली तर काय वापरायचे, एवढे कळले पाहिजे. ते एका पानाचे कार्ड माहितीपत्रक वाचून मराठीत लिहायला हवे. यंत्राचे भाषांतर त्यासाठी कच्चा माल म्हणून जरूर घ्यावे. पूर्ण माहितीपत्रक डॉक्टरसाठी आणि अग्निशमनासाठी हाताशी असावेच.

चौथा आक्षेप खर्चाचा. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्यात आपला शब्दकोश जोडता येतो. ओमेगाटी हे भाषांतराचे मुक्त साधन एकदा केलेले वाक्य लक्षात ठेवते आणि आपली शब्दसूची समोर दाखवते. मोठ्या भाषांतर सेवांनाही शब्दसूची पुरवण्याची सोय आहे. लागतो तो वेळ, आणि तो एकेका कारखान्याने वेगवेगळा घालवू नये. शिरोली मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन म्हणजे स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनची कोल्हापूर शाखा आणि शिवाजी विद्यापीठाचा मराठी विभाग यांनी मिळून एक शब्दसूची करावी. तिचे रकाने असे असावेत: शॉप फ्लोअरचा शब्द, त्याचे ठरलेले लेखन आणि लिंग, परिभाषा कोशातला शब्द, इंग्रजी, हिंदी. विमानाच्या देखभालीचे काम सुमारे नऊशे शब्दांत होत असेल तर फौंड्रीच्या सूचनांना पाच-सहाशे नोंदी पुरतील असा माझा अंदाज आहे. परिभाषा कोशातले शब्द या सूचीत जरूर असावेत, शिकणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडतील. पण भिंतीवर जाणारा शब्द मेल्टर वापरतो तोच असावा.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो प्राचीनतेचा आणि साहित्याचा गौरव आहे आणि त्याचा आनंद योग्यच आहे. त्याच भाषेला आजच्या कारखान्यात अधिकार मिळवून देण्याचे काम मात्र कोणत्याही आदेशाने होणार नाही. ते प्रत्येक पत्रकाच्या तळाशी होईल. तिथे आज तीन चौकटी असतात: तयार करणार, तपासणार, मंजूर करणार. मूळ प्रत मराठी आहे असे पत्रकावर लिहावे आणि चौथी चौकट वाढवावी. नवा कामगार सूचना वाचेल किंवा ऐकेल, आणि आपण काय करणार ते स्वतःच्या शब्दांत सांगेल. त्याने बरोबर सांगितले तरच सुपरवायझर त्या चौकटीत सही करील. त्याने चुकीचे सांगितले तर वाक्य बदलायचे, माणसाला दोष द्यायचा नाही. या चौकटीला सॉफ्टवेअर लागत नाही, आणि ती भरल्याशिवाय कुठल्याही सॉफ्टवेअरने दिलेली शुद्धतेची हमी भट्टीपुढे ग्राह्य धरू नये.